‘जगाने नाकारलेला’ म्हणजे नक्की कुणी नाकारलेला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला परदेशी हॉरर पिक्चरवरचा लेख मी इथे पर्थमध्ये सकाळी चहा घेता घेता मोबाईलवर वाचला. लेख तसा बरा होता, पण त्यात ‘वुल्फ क्रीक’ या ऑस्ट्रेलियन पिक्चरबद्दल फक्त दोन ओळी होत्या, की अमेरिकन प्रेक्षकांनी याला ‘एफ’ ग्रेड (म्हणजे नापास) दिली आणि म्हणून हा जगाने नाकारलेला निव्वळ रक्तबंबाळ सिनेमा आहे. त्या दोन ओळींसाठी एवढं मोठं पत्र लिहितेय हे मला कळतंय, पण मी हा पिक्चर एकदा बाहेरची म्हणून बघितलाय आणि एकदा इथली म्हणून (निदान अर्धी तरी इथली), आणि दोन्ही वेळेला तो इतका वेगळा दिसला की गप्प बसवत नाही.

पहिल्यांदा बघितला २००७ मध्ये, पुण्यात, हॉस्टेलवर, पाच जणी एका लॅपटॉपसमोर. ऑस्ट्रेलियाबद्दल तेव्हा आम्हाला क्रिकेट आणि कांगारू सोडून काही माहीत नव्हतं. गोष्ट साधी आहे, दोन ब्रिटिश मुली आणि सिडनीचा एक मुलगा ब्रूम या किनाऱ्यावरच्या गावाहून एक जुनी गाडी घेऊन निघतात, वाटेत उल्केने पडलेला मोठा खड्डा बघायला थांबतात, तिथे गाडी बंद पडते, रात्री मिक टेलर नावाचा एक म्हातारा शिकारी येतो, मदत करतो म्हणून गाडी ओढून आपल्या तळावर नेतो आणि मग पुढे जे व्हायचं ते होतं. अर्धा पिक्चर संपेपर्यंत काहीच घडत नाही, नुसता रस्ता, आकाश, पेट्रोल पंप, शेकोटी. आम्हाला जाम बोअर झालं होतं. एकजण तर झोपली. आणि नंतर जे आलं ते बघवलं नाही म्हणून आम्ही पुढे ढकलत ढकलत संपवला आणि सगळ्यांचं एकच मत, कशाला जायचं असल्या ओसाड ठिकाणी? म्हणजे आमच्या लेखी चूक त्या मुलींची होती. हे आता लिहिताना मला वाईट वाटतं पण तेव्हा तसंच वाटलं होतं.

नंतर नोकरीमुळे मी ऑस्ट्रेलियात आले आणि तीन वर्षं पोर्ट हेडलंडला होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला लोखंडाच्या खनिजाचं बंदर आहे, सगळी माती लाल, कपडे कितीही धुतले तरी लालसर राहतात. तिथून ब्रूम साधारण ६०० किलोमीटर आणि मध्ये वस्ती म्हणावी अशी नाहीच, फक्त पार्डू आणि सँडफायर असे एक-दोन रोडहाऊस, म्हणजे पेट्रोल, जेवण, मुक्काम सगळं एकाच छपराखाली. मोबाईलची रेंज शहर सुटलं की गेलीच. समोरून तीन-चार ट्रेलर जोडलेली रोड ट्रेन येते, पन्नास मीटरच्या वर लांब, ती बाजूने गेली की आपली छोटी गाडी अक्षरशः हलते. आणि या रस्त्यावर एक पद्धत आहे, समोरून येणारा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो. ओळख नाही पाळख नाही, फक्त एक बोट, की बघितलं हं तुला. आपणही करायचं. आणि कुणाची गाडी कडेला उभी दिसली तर थांबायचं, विचारायचं, पाणी आहे का, ठीक आहे ना. हे चांगुलपणा म्हणून नाही, तिथे माणूस जगतो तो याच्यावरच. मला ऑफिसमध्ये पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं की गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही, गाडीपाशीच बसून राहायचं, कोणीतरी येईल. कोणीतरी येईल, यावरच सगळं.

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये माझ्या गाडीचा रेडिएटरचा पाइप फुटला. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर चाळिशीच्या वर ऊन, मी एकटी. पाऊण तासाने एक जुनी पांढरी यूट थांबली (आपल्याकडच्या पिकअपसारखी गाडी), त्यातून साठी उलटलेला एक माणूस उतरला, चौकड्याचा शर्ट, टोपी, गुडघ्यापर्यंत लाल धूळ. बॉनेट उघडून बघितलं, हसला, टेप आणला, पाइपला गुंडाळला आणि पाण्याचा एक जुना कॅन माझ्यापुढे धरला, पी म्हणाला. आणि मला तो घेता येईना. हात पुढेच जाईना. आठ वर्षांपूर्वी हॉस्टेलवर पुढे ढकलत ढकलत बघितलेला पिक्चर मला त्या क्षणी पहिल्यांदा कळला. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, दोन पावलं मागे गेला, गाडीतून दुकानातली सीलबंद बाटली काढली आणि लांबूनच माझ्या बॉनेटवर ठेवली. हळूच म्हणाला, तो पिक्चर बघितलेला दिसतोय. राग नव्हता त्याच्या आवाजात, पण काहीतरी होतं, दुखावल्यासारखं. नंतर रोडहाऊसपर्यंत तो माझ्या मागे मागे गाडी चालवत आला आणि मी आत वळल्यावर एक बोट वर करून निघून गेला. त्या दिवसापासून माझ्या डिकीत दोन सीलबंद बाटल्या जास्तीच्या असतात, मला जर कुणासाठी थांबावं लागलं तर.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की त्या पिक्चरची भीती रक्तात नाहीये, ती पाण्यात आहे. मिक टेलर त्या तिघांना आधी पाणी देतो. आपल्याकडे दारात आलेल्याला गूळपाणी देतात ना, माझी आजी तर कोण आहे, कुठला आहे हे पाणी दिल्याशिवाय विचारायचीच नाही, तर तो गूळपाणी देणारा हातच जर मारणारा निघाला तर मग माणसाने बघायचं कुणाकडे, ही ती भीती आहे. अमेरिकन प्रेक्षकाला तिथे फक्त वाळवंटातला एक सुरेवाला वेडा दिसला. असे वेडे त्यांच्या पिक्चरमध्ये शेकड्याने आहेत, त्यामुळे त्यांनी याला त्याच रांगेत उभं केलं आणि त्या रांगेच्या नियमाने मोजलं.

दुसरी गोष्ट मला हेडलंडलाच कळली. २०१६ मध्ये ऑफिसमधल्या एकीच्या घरी सात-आठ जण मिळून हा पिक्चर लावला, सगळे इथेच जन्मलेले वाढलेले. मिक टेलर पडद्यावर आला आणि सगळे हसले. मी चमकलेच. तो बोलत होता आणि हे लोक खूश, एक मुलगा म्हणाला माझा काका सेम असाच बोलतो, असंच हसतो. शेकोटीचा सीन आला, मिक आपल्या शिकारीचे किस्से सांगतोय, तिघं ऐकतायत, मग तो सिडनीचा मुलगा थट्टेत ‘क्रोकोडाइल डंडी’ या जुन्या ऑस्ट्रेलियन पिक्चरमधला चाकूवाला डायलॉग मारतो. आणि मिक हसायचा थांबतो. नुसता बघत राहतो. खोलीतले सगळे एकदम गप्प झाले, ज्याच्या काकाचं बोलणं चाललं होतं तो पण. पुण्यात आम्ही याच सीनला चिप्सची पिशवी फोडत होतो.

त्या एका नजरेत काय आहे हे बाहेरच्याला कळायला थोडा इतिहास लागतो. १९८४ मध्ये पॉल होगन नावाच्या नटाने ऑस्ट्रेलियाच्या टुरिझमची जाहिरात केली, खास अमेरिकन लोकांसाठी, या आमच्याकडे, मी तुमच्यासाठी बार्बेक्यूवर एक श्रिंप जास्तीचा टाकतो अशी. (इथे कोणी श्रिंप म्हणत नाही, प्रॉन म्हणतात, अमेरिकनांना कळावं म्हणून शब्दसुद्धा बदलला.) आणि मग १९८६ मध्ये त्याचाच डंडी आला, जगभर धो धो चालला. तेव्हापासून साऱ्या जगाच्या डोक्यात ऑस्ट्रेलियन माणूस म्हणजे टोपीवाला, रांगडा, मनाने साफ, टुरिस्टला जीव लावणारा. मिक टेलर म्हणजे तोच माणूस, तीच टोपी, तोच चाकू, तेच हसणं, फक्त त्याला टुरिस्टचा तिटकारा आहे. दिग्दर्शक ग्रेग मॅकलीनने जगाला विकलेलं ते चित्र उलटं करून दाखवलंय. अमेरिकेने ते चित्र विकत घेतलं होतं, ऑस्ट्रेलियन माणसाने स्वतः ते रंगवलं होतं आणि आतून त्याला माहीत होतं की ते पूर्ण खरं नाही. मग दोघांना एकच नजर सारखी कशी टोचेल?

अजून एक बारीक गोष्ट, जी मला कुठल्याच परदेशी रिव्ह्यूत वाचल्याचं आठवत नाही. मिकचं काम करणारा जॉन जॅरट हा इथल्या लोकांना नव्वदच्या दशकात ‘बेटर होम्स अँड गार्डन्स’ या टीव्ही कार्यक्रमातून घरोघरी माहीत झालेला चेहरा. घर, बाग, सुतारकाम असलं सगळं, आणि हा हसऱ्या चेहऱ्याने ते लोकांना समजावून सांगणार. जरा विचार करा, आपल्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षं दिसलेला गोड माणूस अचानक त्या अंधारात उभा. हे सबटायटलमध्ये कसं लिहिणार?

आणि सबटायटलचं तर बोलायलाच नको. ‘मेट’ हा शब्द घ्या. भाषांतरात मित्र, दोस्त, काहीतरी एक टाकतात आणि मोकळे होतात. इथे तो शब्द कसा उच्चारला यावर सगळं असतं, प्रेमाने, कंटाळून, किंवा आता गप्प बस नाहीतर बघ अशा अर्थानेसुद्धा. आपल्या सातारा-कोल्हापूरच्या माणसाला हे एका सेकंदात कळेल. ‘काय भावा’ हे पाठीवर थाप मारताना पण म्हणतात आणि गाडी आडवी घालून पण म्हणतात. मिक जे काही बोलतो ते सगळं त्या दुसऱ्या ‘काय भावा’मध्ये आहे, पण सुरुवातीला ते पहिल्यासारखं ऐकू येतं.

आता त्या ‘एफ’बद्दल. ही ग्रेड अमेरिकेतली सिनेमास्कोर नावाची कंपनी देते, म्हणजे पहिल्या दिवशी थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या लोकांकडून कार्ड भरून घेतात. त्यातून कळतं काय, तर लोक जे बघायला आले होते ते त्यांना मिळालं का, एवढंच. ‘वुल्फ क्रीक’ तिथे लावला २५ डिसेंबर २००५ ला. ख्रिसमसच्या दिवशी! पोरं नेहमीचा पळापळीचा हॉरर म्हणून आली असणार, ज्यात शेवटी एक मुलगी वाचते आणि बदला घेते, आणि इथे पहिला जवळजवळ एक तास काही होत नाही, नंतर मुली वाचत नाहीत, खुनी सापडत नाही, तो सरळ उन्हात चालत निघून जातो. मग ‘एफ’ नाही देणार तर काय. रॉजर एबर्टसारख्या मोठ्या समीक्षकाने तर शून्य स्टार दिले. पण त्याच वर्षी जानेवारीत हा पिक्चर त्याच अमेरिकेत सनडान्स फेस्टिवलला दाखवला गेला होता, मे महिन्यात फ्रान्सच्या कान फेस्टिवलला डायरेक्टर्स फोर्टनाइट या विभागात होता. जेमतेम १४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये केलेला सिनेमा तो, आणि पुढे त्याचा दुसरा भाग निघाला, २०१६ मध्ये सिरीज पण आली. नाकारलेल्या गोष्टीचं असं होत नाही ना.

मी असंही म्हणत नाही की अमेरिकेचं सगळं चुकलं. एबर्टचा मुख्य राग होता तो बायकांवरच्या क्रौर्याचा, आणि बाई म्हणून मला तो आजही पटतो. दुसऱ्या अर्ध्या भागातले एक-दोन सीन मी हेडलंडलाही बघू शकले नाही, उठून किचनमध्ये गेले. त्याला इथलं-तिथलं काही लागत नाही. सत्यघटनेवर आधारित ही पाटी पण मला खटकते कारण मिक टेलर नावाचा कोणी माणूस नव्हता, ही गोष्ट जशीच्या तशी कधी घडलीच नाही.

पण घडलेलं जे होतं ते इथल्या प्रत्येकाला पाठ होतं. १९९२-९३ मध्ये सिडनीच्या नैर्ऋत्येला बेलांग्लोच्या जंगलात सात तरुण मुलामुलींचे मृतदेह सापडले, त्यातल्या दोघी ब्रिटिश, तिघं जर्मन, पाठीवर सॅक टाकून फिरायला आलेले. त्यासाठी इव्हान मिलाटला १९९६ मध्ये जन्मठेप झाली. आणि मग जुलै २००१ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत बॅरो क्रीकजवळ स्टुअर्ट हायवेवर एका ब्रिटिश जोडप्याला मागून आलेल्या गाडीवाल्याने थांबवलं, सांगितलं काय तर तुमच्या गाडीच्या एक्झॉस्टमधून ठिणग्या उडतायत. म्हणजे परत तेच बघा, मदत. मुलगा मारला गेला, त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही, मुलगी निसटली आणि अंधारात झुडपात कित्येक तास लपून राहिली म्हणून वाचली. पिक्चर इथे नोव्हेंबर २००५ मध्ये लागला तेव्हा डार्विनच्या कोर्टात तोच खटला चालू होता, म्हणून नॉर्दर्न टेरिटरीत तो तेवढ्यापुरता रोखून ठेवला होता, ज्युरीच्या मनावर परिणाम होईल म्हणून. १३ डिसेंबरला आरोपी दोषी ठरला आणि त्यानंतर बाराव्या दिवशी अमेरिकेतली पोरं पॉपकॉर्न घेऊन आत बसली होती. त्यांना ‘सत्यघटनेवर आधारित’ ही पोस्टरवरची नेहमीची ओळ वाटली असेल तर त्यांचा तरी काय दोष. ब्रिटनमध्ये मात्र लोकांनी तो खटला रोज पेपरमध्ये वाचला होता, पडद्यावरच्या मुली त्यांच्याच घरातून गेलेल्या होत्या, कॉलेजनंतर वर्षभर फिरायला जाणाऱ्या. त्यांची भीती आईबापांची भीती. म्हणजे ‘परदेशी प्रेक्षक’ असा एक कोणी नसतोच हो, ब्रिटिश वेगळा, अमेरिकन वेगळा आणि पुण्यातल्या हॉस्टेलवरच्या आम्ही अजून वेगळ्या.

कधी कधी तर बाहेरच्यांनाच आधी कळतं, हेही खरं आहे. १९७१ चा ‘वेक इन फ्राइट’ घ्या. ब्रोकन हिलला शूट केलेला, एक मास्तर खाणगावात अडकतो आणि तिथल्या लोकांच्या बिअरच्या, आग्रहाच्या, दोस्तीच्या ओझ्याखालीच उद्ध्वस्त होतो. भूत नाही, खुनी नाही, पण माझ्या मते ऑस्ट्रेलियात बनलेला सगळ्यात भयंकर पिक्चर हाच. तो केला टेड कॉचेफ या कॅनडाच्या दिग्दर्शकाने, कानच्या स्पर्धेत होता, पॅरिसमध्ये पाच महिने चालला आणि इथे घरी आपटला. एका शोला एक माणूस उठून ओरडला की हे आम्ही नाही, तर त्यात काम केलेला जॅक थॉम्प्सन मागून म्हणाला, खाली बस भावा, हे आपणच आहोत. नंतर त्याची मूळ निगेटिव्हच हरवली, वर्षानुवर्षं शोधून ती अमेरिकेत पिट्सबर्गला सापडली, नष्ट करायच्या मालाच्या डब्यात! २००९ मध्ये साफसूफ करून परत कानला दाखवला, तेव्हा कुठे इथल्या लोकांनी त्याला आपला म्हटलं. फ्रेंच प्रेक्षक लांब होता म्हणून त्याला सोसलं, इथल्याला ते आरशात बघण्यासारखं झालं असणार.

अलीकडचा अ‍ॅडलेडच्या फिलिपू भावांचा ‘टॉक टू मी’ तर जगभर चालला, २०२३ मध्ये अमेरिकेतसुद्धा जोरात. त्यात सुरुवातीला रस्त्यावर गाडीने उडवलेला, अर्धमेला कांगारू आहे आणि त्याला संपवायचं की नाही यावर ती मुलगी अडते. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला वाटलं ऑस्ट्रेलिया आहे म्हणून कांगारू टाकलाय. इथे तसं नाहीये. इथे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते, जनावर तडफडत असेल तर सोडून जायचं नाही, मादी असेल तर पोटाच्या पिशवीत पिल्लू आहे का बघायचं, आणि बघून झालं की काही लोक त्या मेलेल्या जनावरावर स्प्रेने फुली मारून ठेवतात म्हणजे मागून येणाऱ्याला परत थांबायला नको. ती मुलगी ते करू शकत नाही आणि निघून जाते, तिथेच इथल्या प्रेक्षकाला कळतं की हिला हे पुढे महागात पडणार.

मुंजाचं बघा. आपण मुंजा म्हटलं की आपल्याला पिंपळ दिसतो, मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला मुलगा दिसतो, त्याची अर्धवट राहिलेली हौस कळते, म्हणून भीतीबरोबर थोडी कणव पण वाटते. बाहेरच्याला सांगताना आपण म्हणतो झाडावरचं भूत. मग त्याला नाही भीती वाटली तर भूत फालतू असं आपण म्हणू का?

आणि एक गोष्ट ‘वुल्फ क्रीक’मध्येही राहून गेली, ती इथल्या पिक्चरवाल्यांनाही बाहेरचंच ठरवते. तो खड्डा, सुमारे ८८० मीटर रुंद, हॉल्स क्रीक गावाच्या दक्षिणेला खरोखर आहे, जारू या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं ते ठिकाण, त्यांच्या भाषेत कांदिमलाल, तिथून इंद्रधनुष्याचा साप वर आला अशी त्यांची गोष्ट. गोऱ्या लोकांना तो १९४७ मध्ये विमानातून दिसला. पिक्चरमध्ये जारू लोक जवळजवळ नाहीतच. ही जमीन रिकामी आहे, अनोळखी आहे, आपल्याला गिळेल, ही भीती मागून आलेल्यांची आहे. मी पण मागूनच आलेली, म्हणून मला ती लागू पडली. ज्यांचं ते घर आहे त्यांना त्यात काय दिसत असेल हे विचारणारा एखादा लेख तुम्ही कधी छापलात तर मी तो जपून ठेवेन.

तर माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. दुसऱ्या मातीतल्या पिक्चरवर लिहून घेताना अमेरिकन आकडे आणि स्टार उचलून ‘जगाचं मत’ म्हणून देऊ नका, तो तिथल्या लोकांनी कसा बघितला ते पण विचारा, आता मेलबर्न-सिडनीपासून पर्थपर्यंत मराठी माणसं आहेत, आनंदाने सांगतील. आणि पुढच्या रविवारी एका ओळीची दुरुस्ती तेवढी छापा, की ‘एफ’ ग्रेड अमेरिकेतल्या पहिल्या दिवसाच्या प्रेक्षकांनी दिली होती, ‘जगाने नाकारलेला’ हे शब्द चुकीने गेले.

कळावे,
तुमची जुनी वाचक,
पर्थ (मूळ सातारा)